तुम्ही विचारलंत म्हणून: तुरुंगाविना शिक्षा

‘माणसं पळवून नेणाऱ्यांना तुरुंगात न टाकता भूसुरुंग काढायला लावायचे, ही कसली शिक्षा?’ कोलंबियाचा विषय निघाला की हा प्रश्न मला ठरलेला. विचारणाऱ्याच्या आवाजात चीड असते, आणि ती रास्तच आहे.

फार्क ही बंडखोर संघटना पन्नासहून अधिक वर्षं सरकारशी लढली आणि २०१६ मध्ये तह झाला. रणात न हरलेला माणूस जन्मभराच्या कोठडीसाठी बंदूक खाली ठेवत नाही, हे उघड होतं. म्हणून एक विशेष न्यायालय नेमलं. सुरुवातीलाच सगळं खरं सांगितलं तर पाच ते आठ वर्षं. तुरुंग नाही, पण राहण्या-फिरण्यावर बंधनं आणि पीडितांच्या उपयोगाचं काम. उशिरा कबुली दिली तर तितकीच वर्षं, पण गजाआड. नाकारलं आणि गुन्हा सिद्ध झाला, तर वीस वर्षांपर्यंत कैद. लष्करालाही हाच नियम.

लष्कराचं प्रकरण तर आपल्याकडच्या वाचकाला लगेच कळेल, कारण त्या होत्या बनावट चकमकी. राजधानी बोगोताच्या शेजारच्या सोआचातली गरीब पोरं नोकरीच्या आमिषानं दूर ओकान्याकडे नेली, मारली आणि ‘चकमकीत ठार झालेले बंडखोर’ म्हणून दाखवली. २००२ ते २००८ या काळात असे किमान ६,४०२ बळी गेले, असं या न्यायालयानं जाहीर केलं. आया वर्षानुवर्षं एकच मागत होत्या: माझा मुलगा बंडखोर नव्हता, हे चारचौघांत सांगा. २०२२ मध्ये ओकान्यातच, त्या कुटुंबांसमोर उभं राहून माजी लष्करी अधिकाऱ्यांनी ते सांगितलं. नेहमीच्या खटल्यात आरोपीचा वकील त्याला गप्पच बसवतो. वर्षांची सूट देऊन विकत घेतलं ते हे, आणि माझ्या मते सौदा महाग पडला नाही.

पण माझं मत राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार असताना पळवल्या गेलेल्या इंग्रिद बेतान्कूर यांना कोण ऐकवणार? त्या सहा वर्षांहून जास्त काळ फार्कच्या कैदेत, जंगलात होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये फार्कच्या सात माजी म्होरक्यांना आठ वर्षांची तुरुंगाविना शिक्षा झाली, तेव्हा बेतान्कूर यांनी संताप उघड बोलून दाखवला. अपहरणाच्या या खटल्यात वीस हजारांहून अधिक पीडित आहेत. याउलट बोखाया हे गाव. २००२ मध्ये फार्कनं डागलेला गॅस सिलिंडरचा बॉम्ब तिथल्या चर्चवर पडून सत्तरहून अधिक माणसं मेली, त्यात कितीतरी मुलं. तहावर सार्वमत झालं तेव्हा देशानं निसटता नकार दिला (मग मसुदा बदलावा लागला), आणि बोखायानं ९६ टक्के होकार. ‘पीडितांना काय हवं’ असं एकवचनी बोलणाऱ्यांवर म्हणूनच माझा विश्वास नाही.

मला खुपतं ते वेगळंच. २०११ च्या कायद्यानं सरकारनं भरपाई कबूल केली, जमिनी परत मिळवून देण्याचंही. सुमारे पाच कोटींच्या देशात नोंदलेले पीडित नव्वद लाखांच्या वर. कायद्याची मुदत दहा वर्षांची होती, ती २०३१ पर्यंत वाढवावी लागली, आणि बहुतेकांच्या हाती अजून पैसे पडलेले नाहीत. गुन्हेगाराला सवलत मिळाली ती तारखेनिशी. पीडिताचा नंबर मात्र रांगेतच आहे. चिडायचं असेल तर तुरुंगापेक्षा या रांगेवर चिडा. आणि पुढच्या वेळी मला तेच विचारा: पैसे पोचले का?