टोकियोच्या गल्लीत एका बाईला मिळालेलं स्टूल

मुंबईत परमिट रूममध्ये बाई शिरली की वेटर काही न विचारता जिन्याकडे हात करतो. वर एसी, वर ‘फॅमिली’, आणि अर्थातच वर रेट जास्त. दादरला आमचा ऑफिसचा ग्रुप बसतो तेव्हासुद्धा माझा पेग कुठला, हे वेटर शेजारच्या पुरुषाला विचारतो. एकटीनं जावं, एक ग्लास घ्यावा, तासभर निवांत बसावं, एवढीच माझी हौस. वांद्रे-लोअर परळच्या नव्या कॉकटेल बारमध्ये ते जमतं म्हणा, पण एका ग्लासात आठवड्याची भाजी येईल इतकं बिल होतं आणि ग्लास खाली गेला की मेन्यू परत पुढ्यात.

कंपनीच्या ट्रेनिंगसाठी टोकियोला गेले तेव्हा हॉटेल मिळालं मोन्झेन-नाकाचोला. तोझाई मेट्रो लाइनवरची ही जुनी वस्ती. तोमिओका हाचिमानचं देऊळ इथलंच, आणि जवळच फुकागावा फुदो-दो हे बौद्ध देऊळ, जिथे ढोलांच्या गजरात रोज चक्क होम होतो. देवळांच्या आसपासच्या गल्ल्यांत इवलेइवले बार खच्चून भरलेत. एकेका इमारतीवर मजल्यागणिक पाट्या, प्रत्येक मजल्यावर वेगळा बार. अरुंद जिना, बंद दार, खिडकी नाही. असा जिना आपल्याकडे दिसला की बाईमाणूस रस्ता बदलतं.

माझी मावसबहीण त्याच लाइनवर निशी-कासाईला राहते. तिथे आपली मंडळी इतकी आहेत की भारतीय वाणसामानाला तोटा नाही. तिला फोन लावला. म्हणाली, “अगं, घाबरतेस काय! दार उघड आणि एक बोट दाखव. जागा असली तर बसवतील, नसली तर दोन्ही हातांची फुली करून दाखवतील. त्यात अपमान वाटून घेऊ नकोस, खरंच जागा नसते.”

पहिल्या दारात फुलीच मिळाली. पुढच्या जिन्यावर दार ढकललं तर आत फक्त काउंटर, समोर ओळीनं स्टुलं आणि मागे पांढरा शर्ट, काळं जाकीट घातलेला मालक. तिथे त्याला सगळे ‘मास्टर’ म्हणतात. एक बोट दाखवलं. त्यानं स्टूल मागे ओढलं, पर्ससाठी पायाशी टोपली ठेवली, हात पुसायला गरम ओला टॉवेल दिला आणि न मागता वाफवलेल्या भाजीची छोटी वाटी पुढे सरकवली. (शाकाहारी असाल तर सांगून ठेवते, अशा भाजीतही बहुधा माशाचा अर्क असतो. मला चालतो.)

या वाटीचे आणि बसण्याचे पैसे लागतात. साधारण 500 ते 1000 येन, माणशी. आपले लोक यावर फार कुरकुरतात, ‘न मागता दिलं आणि बिलात लावलं’ म्हणून. मला तर हीच त्या धंद्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटली. स्टुलाचं भाडं तुम्ही भरलेलं असतं. मग एक ग्लास घेऊन बसा नाहीतर तीन घ्या, “और कुछ?” म्हणत डोक्यावर कुणी उभं राहत नाही. बाई एकटी आहे, तिचं बिल किती होणार, हा हिशेब मास्टरच्या चेहऱ्यावर येण्याचं कारणच उरत नाही.

मेन्यू नव्हता. बहिणीनं शिकवून ठेवलं होतं: आधी दारू सांग, मग चव. मी “जिन” म्हटलं आणि तोंड आंबट करून दाखवलं. जिन आणि लिंबाचं गिमलेट आलं. पुढच्या खेपेला मास्टरनंच ‘बांबू’ नावाचं कॉकटेल सुचवलं, शेरी आणि ड्राय व्हर्मूथ या दोन वाइनच्या प्रकारांचं. ते लोकप्रिय करण्याचं श्रेय योकोहामाच्या ग्रँड हॉटेलचा जर्मन व्यवस्थापक लुई एपिंगर याला देतात, 1890 च्या सुमाराचं. हलकं, कोरडं, संध्याकाळभर पुरणारं.

खरी बघायची गोष्ट म्हणजे बर्फ. बर्फाची लादी आम्ही ससून डॉकला हातगाडीवर गोणपाटाखाली बघितलेली. इथे तिचाच एक तुकडा, पण आरपार दिसणारा. पाणी एकाच बाजूनं सावकाश गोठवत नेलं की हवा आणि गाळ पुढे ढकलला जातो, म्हणून तो असा स्वच्छ. मास्टरनं तो डाव्या तळहातात फडक्यावर धरला आणि टोच्यानं टकटक करत कोपरे उडवत गेला. गोल झाल्यावर पाण्याखाली धरला. वरचा पांढरा थर गेला आणि ग्लासात तो दिसेनासाच झाला.

शेजारी सत्तरीच्या एक बाई होत्या. मागच्या फळीवर त्यांच्या नावाची चिठ्ठी अडकवलेली व्हिस्कीची बाटली; नेहमीचं गिऱ्हाईक बाटली विकत घेऊन तिथेच ठेवतं. मास्टरनं आधी त्यांना काहीतरी विचारलं, मग माझ्याकडे बघून “इंडिया, मुंबई” अशी ओळख करून दिली आणि स्वतः ग्लास पुसायला बाजूला झाला. फोनवरच्या भाषांतरावर गप्पा चालल्या. “एकटीच?” हे कुणी विचारलं नाही.

मुंबईत कुठे पितेस, असं बाईंनी विचारलं. आमच्याकडे प्यायला परवाना लागतो, असं मी सांगितलं. 1949 चा दारूबंदी कायदा, कडक दारूला वयाची पंचवीस पूर्ण हवीत, दिवसाचा परवाना पाच रुपयांचा, आजीवन हजाराचा. कुणाचा विश्वास बसेना. माझा आजीवन परवाना पाकिटातच होता, तो काढून दिला. आरोग्य राखण्यासाठी विदेशी मद्य घ्यायची ही परवानगी आहे, हे भाषांतरात वाचल्यावर काउंटर हसून हसून आडवा झाला. परवाना हातोहात शेवटच्या स्टुलापर्यंत जाऊन आला. मास्टरनं तो दोन्ही हातांनी धरून अदबीनं परत केला. राज्य उत्पादन शुल्क खात्याला इतका मान मिळालेला मी तरी बघितला नव्हता.

बिल छोट्या चिठ्ठीवर लिहून येतं. पैसे हातात न देता तबकात ठेवायचे. अशा जागी रोख जवळ असावी. टीप अजिबात ठेवू नका, विसरलेले पैसे समजून मास्टर जिन्यावरून मागे धावत येईल. तसाही तो दारापर्यंत सोडायला येतोच. शेवटची गाडी साधारण मध्यरात्रीनंतर लगेच सुटते. माझं हॉटेल चालत जाण्याइतकं जवळ होतं म्हणून मी निर्धास्त.

फोटो विचारल्याशिवाय काढू नका, भडक अत्तर लावून जाऊ नका. रविवारी यातले बरेच बार बंद असतात. आणि ऑफिसचा अख्खा ग्रुप घेऊन तर मुळीच जाऊ नका. सहाजण शिरले की निम्मी स्टुलं संपली, नेहमीच्या गिऱ्हाइकानं कुठे बसायचं? घोळका असेल तर सरळ एखादं इझाकाया, म्हणजे खाण्यापिण्याचा जपानी गुत्ता, गाठा. तिथे टेबलं मोठी असतात आणि आरडाओरडाही चालतो.