एक मारुतीची

सांगलीच्या विश्रामबागेत मी दळण टाकते त्या गिरणीच्या बरोबर वर आता जिम झाली आहे. परवा दुपारी ज्वारीचा डबा रांगेत लावून बाकावर बसले होते. तेवढ्यात लाइट गेली, गिरण थांबली आणि वरचं सगळं स्पष्ट ऐकू यायला लागलं. लोखंड आदळल्याचा आवाज, पाठोपाठ ट्रेनरचा. "एट... नाइन... टेन! चल, लास्ट!" मग एक कण्हणं. "अजून एक, लास्ट!" पुन्हा कण्हणं. "आता खरंच लास्ट!" गिरणवाला कपाळावरचं पीठ पुसत म्हणाला, "ह्यांचं लास्ट काय कधी येत नाही बघा, काकू."

मला मोजायची खोड आहे. जिन्याच्या पायऱ्या, एसटीच्या खिडकीतून विजेचे खांब, कीर्तनात बुवांनी किती वेळा पाणी प्यायलं ते. ही खोड आजोबांनी लावली.

आजोबा मूळचे आटपाडीचे. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती आणि संस्थानच्या शाळांत पोरांना सूर्यनमस्कार सक्तीचे होते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी म्हणजे या विषयातलं दैवतच. पण गंमत अशी की राजेसाहेबांची सुरुवात नमस्कारांनी झालीच नव्हती. 1897 साली त्यांनी युजेन सँडोची झाडून सगळी उपकरणं आणि पुस्तकं मागवली आणि चांगली दहा वर्षं त्या जर्मन पैलवानाच्या पद्धतीने नेमाने व्यायाम केला. सँडोच्या पुस्तकात तक्तेच असायचे, कोणत्या वयाने कोणता व्यायाम किती वेळा करायचा त्याचे. पुढे मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून ते नमस्कारांकडे वळले ते कायमचे. म्हणजे विलायती डंबेल्स सुटली ती आमच्या शेजारच्या मिरजेमुळे. सांगलीकर असूनही हे श्रेय मी मिरजेला देते आहे, याची नोंद व्हावी.

तर आजोबा नमस्कार घालत ते सूर्याच्या बारा नावांनी, आणि वर जोर-बैठका. मोजायचं काम माझ्याकडे. सोप्यात मी गोधडीत गुंडाळून बसायचे, फक्त उजवा हात बाहेर. पुढ्यात दोन करवंट्या, एकीत चिंचोके. नमस्कारांची बारा नावं झाली की एक चिंचोका इकडून तिकडे, बैठका दहा झाल्या की एक. हातात घोळून घोळून ते चिंचोके आरशासारखे गुळगुळीत झाले होते. बैठकांना आजोबांचा डावा गुडघा वाजे, उजवा कधीच नाही. जोर मारून ते उठले की सारवलेल्या जमिनीवर दोन पंजांचे ओले ठसे उमटलेले असत, आणि ते वाळायच्या आत बैठका सुरू. करवंटी रिकामी झाली की मी "झाले" म्हणायचे. त्यावर ते आणखी एक बैठक काढत. तिला चिंचोका नाही. "ही मारुतीची," म्हणत.

मारुतीला आमच्याकडे तोटा नाही. समर्थांच्या अकरापैकी शिराळ्याचा आणि बह्याचा आमच्याच जिल्ह्यात, मसूर-उंब्रजचे पलीकडे साताऱ्यात, आणि तालमीतला कोनाडा तर त्याच्याशिवाय नसतोच. ज्याने द्रोणागिरी उचलला त्याला आजोबांच्या एका बैठकीचं काय कौतुक, असं मी एकदा विचारलं होतं. उत्तर आलं नाही, शेंगा आल्या.

आमच्या घरात मोजण्याचे कायदे चमत्कारिक होते. बैठका मोजायच्या, पण ताटातल्या भाकऱ्या मोजायच्या नाहीत, खाणाऱ्याला लागतं. आजोबांच्या खुराकाचे बदाम मात्र आजी मोजून भिजत घाली आणि आकडा कुणाला सांगत नसे.

पैलवानकीत आकडे नेहमी जरा फुगतात. गामा रोज पाच हजार बैठका आणि तीन हजार जोर मारायचा, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आजोबा सांगायचे, चावडीवरचे सगळे सांगायचे. मी एकदा वहीत गणित मांडलं. दोन सेकंदाला एक बैठक धरली तरी नुसत्या बैठकांनाच पावणेतीन तास, जोर राहिलेच. आजोबांना वही दाखवली तर म्हणाले, "मग? त्याला दुसरं काम काय होतं?" 1910 साली लंडनला झिबिस्को नावाचा पोलंडचा पैलवान गामासमोर अडीच तासांवर नुसता मॅटला चिकटून पडून राहिला होता आणि कुस्ती बरोबरीत सुटली. तेवढ्यात गामाच्या दिवसाच्या बैठका होत आल्या असत्या.

आताच्या जिममध्ये कुठेही जा, 'दहाचे तीन सेट'. हे वेदांत असल्यासारखं सगळे सांगतात. हे आलं कुठून, तर इस्पितळातून. दुसऱ्या महायुद्धात थॉमस डिलॉर्म नावाचा अमेरिकन लष्करी डॉक्टर होता, त्याला स्वतःला वजनं उचलायचा नाद. गुडघे-मांड्या निकामी झालेले सैनिक महिनोन् महिने खाटा अडवून बसलेले, आणि त्या काळची रीत म्हणजे हलकं वजन, पुष्कळ वेळा. याने उलट केलं. जड वजन, दहा-दहाच्या हप्त्यांत, आणि ताकद येईल तसं वजन वाढवत न्यायचं. 1945 साली त्याने हे छापलं तेव्हा सत्तर ते शंभर वेळा उचलायला सांगत होता. 1948 पर्यंत त्याच्या लक्षात आलं की तीन हप्ते पुरे आहेत. पहिला निम्म्या वजनाचा, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण.

हे सगळं मला कळलं ते आजोबांच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर, फिजिओथेरपीवाल्या मुलीकडून. तिने घोट्याला वाळूची पिशवी बांधली आणि सांगितलं, "आजोबा, पाय वर. दहा वेळा, तीनदा." मोजायला अर्थातच मी. चिंचोके नव्हते, बोटं होती. तिसऱ्या हप्त्यात सातव्याला पाय थरथरायला लागला, नवव्याला खाटेपासून वीतभरच उचलला गेला. दहावा कसाबसा झाला. मुलगी पिशवी सोडायला वाकली तर यांनी पाय बाजूला घेतला. तिला वाटलं दुखलं. मला ठाऊक होतं काय येणार आहे. मी तिचा हात धरून ठेवला.

ते गेले त्याच्या बऱ्याच वर्षांनी, 2022 च्या जुलैत, सांगलीच्या पानटपरीवाल्याचा मुलगा संकेत सरगर बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत वजन उचलायला उतरला. 55 किलो गट. स्नॅचला, म्हणजे एका दमात थेट डोक्यावर, 113 किलो; क्लीन अँड जर्कला, म्हणजे आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर, 135. मग 139 च्या प्रयत्नात कोपर गेलं. तरी तो तिसऱ्या प्रयत्नाला आला, तोही नाही झाला. त्याचे 248, मलेशियाच्या मुलाचे 249. अख्खी गल्ली टीव्हीपुढे. रौप्य मिळालं म्हणून पेढे वाटले, आणि पेढा तोंडात धरून जो तो त्या एका किलोबद्दल बोलत होता. रात्री मी साखरेची किलोची पिशवी उगाच हातात धरून पाहिली. काहीच नाही हो ती.

आता माझी हाडं ठिसूळ व्हायला लागलीत म्हणे, म्हणून डॉक्टरांनी मलाही डंबेल्स सांगितली आहेत. दुपारची लेडीज बॅच. मी मनातल्या मनात नीट मोजते, श्वाससुद्धा मोजून घेते. शेजारची बाई कधीच मोजत नाही. डंबेल वर-खाली करत ती सुनेची गोष्ट सांगत असते. गोष्ट संपली की तिचा सेट संपला. सुनेचे प्रताप जास्त असले की सेटही लांबतो. गेल्या महिन्यात ती पाच किलोवर गेली. मी अजून तीनवरच आहे.