सत्तावीस रंगहीन नळ्या आणि एक पिवळी

आठवीच्या वर्गात टेबलावर अठ्ठावीस बाटल्या होत्या. मुंबईच्या पूर्व उपनगरातली मराठी माध्यमाची शाळा, दुपारचं सत्र. मुलांनी घरचं पिण्याचं पाणी आणलं होतं आणि प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी लावून नाव लिहिलं होतं. आधी ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते पाहायचं, आणि मग जिवाणूंची तपासणी.

ओटी टेस्टला दोन मिनिटं लागतात. क्लोरोस्कोप या क्लोरीन तपासायच्या छोट्या किटच्या नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे (तेच ओटी) किटवर सांगितलेत तेवढे थेंब टाकायचे, हलवून लगेच रंग ताडून पाहायचा. पिवळा जितका गडद, तितकं क्लोरीन जास्त. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवं. रसायन विषारी असल्यानं थेंब मीच हातमोजे घालून टाकत होते.

सत्तावीस नळ्या रंगहीन राहिल्या. एक पिवळी झाली.

रंगहीन नळ्यांचं कारण उघड होतं, आणि चूक माझ्या मांडणीत होती. वस्तीत पाणी पहाटे साडेचारला येतं आणि बाटल्या टेबलावर आल्या साडेबाराला. आठ तासांत, त्यातही उघड्या ड्रममध्ये, क्लोरीन उडून जातं. म्हणजे त्या नळ्यांवरून पाणी चांगलं की वाईट, काहीच ठरत नव्हतं. पण पिवळी नळी एक गोष्ट नक्की सांगत होती: हे पाणी पहाटेचं नाही.

मधल्या सुट्टीत ती मुलगी टेबलापाशी आली. बाटलीवरची पट्टी नखानं खरवडत म्हणाली, "बाई, मी शाळेच्या नळाचं भरलं. आमच्याकडच्या पाण्याला वास येतो. सगळ्यांसमोर नको वाटलं."

नाव लिहिलेली बाटली वर्गात ठेवली की पाण्याची नाही, घराची परीक्षा होते. वर 'पाणी उकळून प्या, भांडी झाकून ठेवा' हा सल्ला दिला की दोष आईच्या माथी जातो आणि गॅसचा खर्चही तिच्याच. भातसा, वैतरणा, तानसा या धरणांचं पाणी भांडुप आणि पांजरापूरला शुद्ध होऊनच शहरात येतं. बिघडतं ते बऱ्याचदा शेवटच्या टप्प्यात. गल्लीतले बारीक पाइप गटारातून गेलेले असतात. दिवसाचे बावीस-तेवीस तास ते रिकामे असतात. दाब नसताना, किंवा कुणी लाइनला थेट मोटर लावली की, सैल जोडातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. ते बाहेर पडतं दुसऱ्या पहाटेच्या पहिल्या पाण्यात.

म्हणून नमुने पुन्हा घेतले, या वेळी घराघरातून नाही तर पाण्याच्या वाटेवर: गल्लीच्या तोंडाचा नळ, आतल्या नळाचं पहिलं पाणी, त्याच नळाचं पाच मिनिटांनंतरचं, ड्रम, माठ. शिवाय उकळून गार केलेल्या पाण्याची एक बाटली, ताडून पाहायला. नावांऐवजी आकडे, आणि ओटी टेस्ट जागेवरच, पहाटे, दोन पालकांच्या सोबतीनं.

जिवाणूंसाठी एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड) बाटल्या वापरल्या. ही पद्धत ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये मांडली. बाटलीत खुणेपर्यंत २० मिली पाणी भरायचं, झाकणाच्या आत बोट लावायचं नाही, आणि ३० ते ३७ अंशांत ४८ तास ठेवायचं. थंडीत बाटल्या गोधडीत गुंडाळाव्या लागतात, नाहीतर जिवाणू वाढत नाहीत आणि खराब पाणीही चांगलं ठरतं. विष्ठेतून येणारे जिवाणू असले तर हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, बाटलीतल्या लोहाशी त्याचं आयर्न सल्फाइड बनतं आणि पाणी काळं पडतं. काळ्या बाटल्या मुलांनी उघडायच्या नाहीत. त्यात मी ब्लीचिंग पावडरचं दाट द्रावण ओतते, रात्रभर ठेवते आणि मग संडासात टाकते.

तोंडाच्या नळाची बाटली स्वच्छ राहिली. आतल्या नळाचं पहिलं पाणी चोवीस तासांत काळं झालं, पाच मिनिटांनंतरचं नाही. ड्रम आणि माठ दोन्ही काळे, कारण ड्रम पहिल्या पाण्यानंच भरतात.

मग पहिली पाच मिनिटं पाणी सोडून द्यायचं? मुलांनी मोजलं. १५ लिटरची बादली ९० सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला १० लिटर. पाणी ४० मिनिटं, म्हणजे ४०० लिटर, आणि त्या नळावर घरं सहा. पाच मिनिटांचे ५० लिटर गेले तर आठवा हिस्सा गेला. "ज्याचा नंबर पहिला, त्याचंच जाणार," एक मुलगा म्हणाला. शेवटी ठरलं ते असं, की पहिलं पाणी वेगळ्या पिंपात, धुण्याला आणि संडासाला, आणि पिंप सगळ्यांचं. पाइप बदलण्यासाठी वॉर्ड ऑफिसला अर्जही करायचा.

"आमच्याकडे घराचे कागद नाहीत, आमची सही चालेल का?" असं दोघांनी विचारलं. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे आणि वस्ती अनधिकृत आहे म्हणून पाणी नाकारता येत नाही, हे मी फळ्यावर लिहिलं. मुलांनी ते अर्जात उतरवून घेतलं.

अर्जासोबतचा नकाशा पट्टी खरवडणाऱ्या मुलीनं काढला. टेपचं एक टोक तिच्या भावानं धरलं होतं. नमुना क्रमांक २ समोर तिनं काळा गोल भरला आणि बाजूला लिहिलं: तोंडाच्या नळापासून १४ मीटर, गटारात बुडालेला जोड.