तिरक्या उजेडातला डोंगर

डोंगराचं तैलचित्र समोरून पाहून झालं की बाजूला सरकावं आणि भिंतीलगत उभं राहून तिरकं पाहावं. समोरून एकसारखा पांढरा वाटणारा बर्फ कुठे चांगला जाड थापलेला असतो, तर कुठे कॅनव्हासची वीण दिसेल इतका विरळ. छापील प्रतीत नेमकं हेच हरवतं.

बहुतेकदा ही जाडी अंतराप्रमाणे घटत जाते. लांबची रांग पातळ, निळसर, विरघळत्या कडांची. जवळचा कडा घट्ट रंगाचा. रंगाच्या उंचवट्यावर खोलीतला खरा उजेड अडतो, नजर तिथे थबकते आणि तो भाग पुढे येतो. आकाशातच जाड थापा असतील तर आकाश डोंगराच्या पुढ्यात येऊन बसतं!

खरी मजा खडकावरच्या बर्फात. खाली अल्ट्रामरिन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांचा गडद थर, तोही खरबरीत आणि वाळलेला. नाइफच्या, म्हणजे रंग लावायच्या लवचिक पात्याच्या सुरीच्या, कडेवर टायटॅनियम व्हाइट हा पांढरा रंग घ्यायचा, पातं जवळजवळ आडवं धरायचं आणि उताराच्या दिशेने दाब न देता ओढायचं. रंग उंचवट्यांनाच लागतो, खाचांमधून खडक डोकावत राहतो. रंगात तेल जास्त झालं तर तो खाचांत उतरतो. हात दाबला तर नुसता सपाट पट्टा उमटतो. खालचा थर ओला असेल तर गडद रंग वर येऊन बर्फाचा राखाडी चिखल होतो. आणि चांगल्या जमलेल्या फटकाऱ्यावरून पुन्हा नाइफ फिरवायचा मोह! अर्धी चित्रं तिथेच बिघडतात.

भेगाही पाहाव्यात. तेलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो, आणि तेल जितकं जास्त तितका सावकाश. म्हणून खालच्या थरांत तेल कमी, वर जास्त. उलट केलं तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा हलत राहतो आणि वरचा तडकतो. कड्यावरची भेग एखादवेळी खपून जाते. आकाशातली लपत नाही.

पोत म्हणजे नाइफच, असं मात्र नव्हे. इटालियन चित्रकार जोव्हान्नी सेगांतिनी (१८५८–१८९९) याने आल्प्स रंगवताना भरतकामाच्या दोऱ्यांसारखे लांब, बारीक फटकारे शेजारी शेजारी ठेवले आणि मधल्या फटींत पूरक (रंगचक्रात समोरासमोर येणारे) रंग भरले. त्यातून गवत, दगड, उजेड सगळं विणलं गेलं. नुसत्या जाडीला दाद देणाऱ्यांनी हे जरूर पाहावं.