लेबल गळून पडलेली बाटली

अंटार्क्टिकाच्या तळ्यांमधला विरघळलेला कार्बन मोजायचा, तर पाणी बाटलीत भरल्याबरोबर त्यातले सूक्ष्मजीव मारावे लागतात. नाहीतर बाटलीतही त्यांचं जगणं चालूच राहतं आणि आकडा बदलतो. त्यासाठी मर्क्युरिक क्लोराइडचे, म्हणजे पाऱ्याच्या क्षाराचे, काही थेंब पुरतात. मोजणी होईपर्यंत ती बाटली नमुना असते, मोजणी झाली की विषारी कचरा. माझा सगळा उन्हाळी मोसम या दुसऱ्या भागातच गेला.

सुरुवात निघायच्या कितीतरी आधी झाली. परवानगीच्या अर्जात प्रत्येक रसायनासमोर तीन रकाने होते: किती नेणार, किती वापरणार, किती परत आणणार. शेवटच्या रकान्यात मी नेणार तेवढाच आकडा लिहिला. अर्ज परत आला, शेजारी एकच प्रश्न: "धुण्याचं पाणी कुठे आहे?" मग नीट हिशोब मांडला. अर्धा लिटर द्रावणाचा, भांडी आणि पिपेट खंगाळून, जवळजवळ अकरा लिटर कचरा होत होता! बाटल्या लहान घेतल्या, खंगाळणं कमी केलं, एकदाच वापरायच्या टोप्या घेतल्या आणि आकडा चार लिटरवर आला. कचरा कमी करण्याचं माझं सगळ्यात मोठं काम बर्फावर नाही, त्या टेबलावर झालं.

1991 साली माद्रिदमध्ये सह्या झालेल्या आणि 1998 पासून लागू असलेल्या पर्यावरण संरक्षण कराराचं तिसरं परिशिष्ट मी तेव्हा पहिल्यांदा ओळ न ओळ वाचलं. बॅटऱ्या, इंधन, जड धातू असलेला कचरा, इंधनाची पिंपं, सगळं खंडाबाहेर न्यायचं. थर्माकोलचे दाणे तर तिथे आणायलाच बंदी. माझं एक उपकरण नेमकं त्याच दाण्यांत पॅक होऊन आलं होतं, तो खोका उघडून सगळं पुन्हा बांधलं. हे नियम उगाच आलेले नाहीत. मॅकमर्डो या अमेरिकी संशोधन तळाशेजारच्या विंटर क्वार्टर्स बे या खाडीच्या तळाशी जुन्या काळच्या कचऱ्याचं प्रदूषण आजही आहे. थंडीत विघटन इतकं मंद असतं की टाकलेली वस्तू जवळजवळ टाकली तशीच राहते.

छावणीत बारीकसारीक गोष्टींनी जीव खाल्ला. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, म्हणून कचऱ्याची बाटली पाऊणच भरायची. जीवांचे नमुने टिकवायला वापरतात ते फॉर्मेलिन थंडीत पांढरट, गढूळ होतं. पेनाची शाई गोठते, त्यामुळे नोंदी पेन्सिलने. उतरलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी साधारण उणे दहालाच गोठून तडकू शकते, पूर्ण चार्ज असलेली मात्र खूप खालपर्यंत तग धरते. म्हणून निकामी बॅटऱ्यासुद्धा कडा असलेल्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, तंबूच्या आत ठेवल्या.

आणि लेबलं. गोंद थंडीत कडक होऊन सुटतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बांधाबांधीच्या दिवशी चौदा बाटल्यांपैकी एक कोरी निघाली. तिचं लेबल ट्रेमध्येही सापडलं नाही. द्रव रंगहीन, म्हणजे नमुने टिकवायचं तपकिरी ल्युगॉल आयोडिन नाही. पारा असेल किंवा पातळ फॉर्मेलिन. वास घेऊन ठरवायचं नसतं, एवढं भान होतं.

कचरा व्यवस्थापन अधिकाऱ्याने विचारलं, "यात काय आहे हे तुम्हाला माहीत आहे, की वाटतं?"

"वाटतं," मी म्हटलं. बाटली बाजूला ठेवली गेली.

रात्रभर वही चाळली. प्रत्येक भरणीची तारीख आणि वजन लिहिलेलं होतं, फक्त वादळाच्या त्या दोन दिवसांची पानं अर्धवट होती. तेव्हा मी आणि माझी सहकारी एकाच तंबूत काम करत होतो आणि एका बाटलीत पारा आणि फॉर्मेलिन दोन्ही पडलं असण्याची शक्यता नाकारता येत नव्हती. त्या पानाकडे बघताना मला खरंच रडू आलं. पारा असलेला कचरा सरळ जाळता येत नाही, कारण पाऱ्याची वाफ धुराड्यातून बाहेर पडते. फॉर्मेलिनची वाट वेगळी. दोन्ही मिसळलं तर पुढे कुणाला तरी दुप्पट त्रास आणि दुप्पट धोका. शेवटी सगळ्यात वाईट शक्यता खरी मानून तिला पाऱ्याच्या गटात टाकलं आणि कागदावर स्पष्ट लिहिलं: फॉर्मेलिन असू शकतं.

पॅकिंगला दीड दिवस गेला. नमुन्यांसाठी आणलेली अ‍ॅल्युमिनियमची पेटी मी काढली, तर अधिकाऱ्याने हात धरूनच थांबवलं. पाऱ्याचे क्षार अ‍ॅल्युमिनियम भराभर खातात. मग बाटल्या प्लास्टिकच्या पिंपात, भोवती व्हर्मिक्युलाइट, म्हणजे सांडलेला द्रव शोषणारे खनिजाचे हलके दाणे, वर झाकणाला पट्टी. न वापरलेल्या मर्क्युरिक क्लोराइडच्या पावडरीचा, धोकादायक मालाला दिला जाणारा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक 1624, द्रव कचऱ्याचा वेगळा. दोन्ही मालयादीत जुळल्याशिवाय जहाज माल चढवून घेत नाही.

विल्हेवाटीचा दाखला पाच महिन्यांनी आला. यादीत बाटली क्रमांक 9 समोर माझी ती ओळ जशीच्या तशी होती: "फॉर्मेलिन असू शकतं." पुढच्या मोसमाच्या बाटल्या आल्या आहेत. त्यांच्या अंगावर सुईने आकडे कोरायचं काम आज संध्याकाळी सुरू केलं.