तिच्या नोंदीत इतरांची वाक्ये

महाराष्ट्रात 20 ऑगस्ट 2010 च्या शासननिर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले आणि तेव्हापासून आम्ही प्राथमिक शिक्षक प्रत्येक मुलासाठी वर्णनात्मक नोंदी लिहीत आलो आहोत. कल्पना अतिशय चांगली आहे, कारण गुणांचा आकडा जे सांगू शकत नाही ते शब्दांत सांगण्याची मुभा तिने शिक्षकाला दिली. मात्र या नोंदींचे तयार संच आता मोबाइलवर सहज मिळतात. ‘उपक्रमात उत्साहाने भाग घेते’, ‘परिसरातील घटकांची माहिती सांगते’ ही वाक्ये शंभर मुलांच्या नावांपुढे लिहिली तरी एकही खोटे ठरत नाही, आणि त्यांतील एका मुलाचीही ओळख पटत नाही. माझ्या वर्गातील तिसरीच्या एका मुलीच्या शिकण्याची नोंद मी यंदा वेगळ्या रीतीने ठेवली, तिच्याविषयी येथे सविस्तर लिहिते. मुलीचे नाव अर्थातच देत नाही.

आमची शाळा पाटण तालुक्यातील डोंगराकडची, दोनशिक्षकी. तिसरी आणि चौथीची मुले माझ्याकडे एकत्र बसतात. गणपतीनंतर पावसाने उघडीप दिली, तेव्हा व्हरांड्यातील सूचनाफलकाच्या कडेला एका कुंभारमाशीने मातीचे घर बांधायला घेतले. मुले तिला कुंभारीण म्हणतात. ही माशी एकटी राहते आणि डिवचल्याशिवाय सहसा डंख करत नाही. तरीही हाताने शिवायचे नाही आणि वाटेत उभे राहायचे नाही, हे दोन नियम आम्ही आधीच ठरवून घेतले. त्या दिवशी मधल्या सुट्टीत या मुलीने विचारले, ‘बाई, ती चिखल आणती, का पाणी आणून हितली माती भिजवती?’

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. घरी पोतेरा करताना आई कोरड्या मातीत पाणी घालून ती कालवते, हे तिने पाहिले होते आणि त्यावरूनच तिला हा संशय आला होता. कीटकशास्त्राच्या दृष्टीनेही प्रश्न नेमका आहे, कारण काही जातींच्या माश्या तोंडातून पाणी आणून कोरडी माती भिजवतात, तर काही ओला चिखलच गोळी करून आणतात. मी उत्तर दिले नाही, फक्त प्रश्न तारखेसह वहीत तिच्याच शब्दांत उतरवला. पुढचे वाक्य चौथीतील एका मुलाचे आहे: ‘हापशावर बसून बघू. पाणी पीत असंल तर तोंड पाण्यात घालंल, चिखल असंल तर गोळी दिसंल.’ त्यावर तिने हरकत घेतली: ‘पण हापशावरची आन् हितली तीच कशावरनं?’ या हरकतीचे उत्तर तिसऱ्याच मुलीने शोधले: एकाने हापशाजवळ उभे राहायचे, एकाने व्हरांड्यात, आणि तिकडून माशी उडाली की ओरडायचे.

या चार वाक्यांत एक पूर्ण प्रयोग उभा राहिला. निरीक्षण कशाचे करायचे, कोणती खूण दिसली म्हणजे कोणते उत्तर खरे मानायचे आणि चूक कोठे होऊ शकते, हे सारे त्यांत आले आहे. पण यांतील एकही मूल तो प्रयोग एकटे उभा करू शकले नसते. आमच्या मूल्यमापनाच्या तक्त्यात प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र रकाना असतो. त्या रकान्यात बसवण्यासाठी मी इतरांची वाक्ये गाळली असती, तर या मुलीच्या वाट्याला ‘प्रश्न विचारते’ एवढेच उरले असते आणि तिच्या हरकतीचे तेज नाहीसे झाले असते, कारण ती हरकत दुसऱ्याच्या सूचनेवर घेतलेली होती. म्हणून मी सगळे संभाषण जसेच्या तसे लिहिले, त्याच्या प्रती तिन्ही मुलांच्या फायलींत लावल्या आणि प्रत्येकाच्या प्रतीत त्याचे स्वतःचे वाक्य अधोरेखित केले. सहकार्याने झालेल्या शिकण्याची नोंद एका मुलाच्या नावावर लिहिता येते, पण ती एका मुलापुरती कापता येत नाही, या मतावर मी आता ठाम आहे.

नोंदवहीची पद्धत साधी आहे. डाव्या पानावर मुलांचे शब्द आणि कृती येतात, उजव्या पानावर मला त्यातून काय दिसते ते येते, आणि या दोन्हींची सरमिसळ मी होऊ देत नाही. बोली मी सुधारत नाही. ‘कशावरनं’ या विचारण्यात जो हट्ट आहे, तो प्रमाण मराठीत आणताना हरवतो. डाव्या पानावर माझी वाक्येही येतात, आणि हे मला विशेष महत्त्वाचे वाटते, कारण शोध मुलांचा चालला आहे की बाईंचा, हे संभाषणात कोण किती बोलले यावरून स्पष्ट दिसते. छायाचित्रे मी मुलांच्या चेहऱ्यांऐवजी त्यांच्या हातांची आणि हातांतील वस्तूंची काढते.

हापशाजवळच्या ओल्या जागेतून माशी चिखलाची गोळी जबड्यात धरून नेते, हे दोन्हीकडच्या पहारेकऱ्यांच्या ओरडण्यावरून सिद्ध झाले. तेथेच आणि घरट्यावर चिखल लिंपतानाही तिचा बारीक गुणगुणाट मुलांना ऐकू आला. त्यावर या मुलीने आजीकडून ऐकलेली गोष्ट सांगितली: कुंभारीण अळी आणून घरात कोंडते, तिच्याभोवती गुणगुणत राहते आणि अळी तिचेच ध्यान करता करता कुंभारीण होऊन बाहेर पडते. कीर्तनातील भृंगी आणि कीटकाचा दृष्टान्त ज्यांनी ऐकला आहे, त्यांना ही गोष्ट परिचयाची असेल. गुणगुणाट मुलांनी स्वतः ऐकलेला असल्यामुळे त्यांना ती पटलीही. ती खोडून काढण्याची घाई मी केली नाही.

काही दिवसांनी भिंत खरवडताना शेजारचे आणखी एक घरटे सुटून पडले. आत अळी होती, पण तिच्याभोवती लहान लहान कोळी ठासून भरलेले होते. कोळी मेलेले आहेत की झोपलेले, यावर वर्गात मोठा वाद झाला. या वेळी मार्ग काढला तो तिनेच. जळमटातला एक मेलेला कोळी आणून तिने तो घरट्यातल्या एका कोळ्याशेजारी काडेपेटीत ठेवला आणि दोघांना रोज काडीने हलकेच स्पर्श करून पाहायचे ठरवले. मेलेला कोळी लवकरच वाळून कडक झाला, त्याचे पाय मोडू लागले. घरट्यातला मात्र मऊ राहिला आणि मधूनच त्याचा पाय हलल्यासारखा दिसे. माशी कोळ्याला डंख मारून लुळे करते, मारत नाही, त्यामुळे अळीला ताजे अन्न मिळते, हे मी येथे सांगितले आणि माझे वाक्य म्हणून नोंदवले. मुलांनी ‘झोपलेले’ हा शब्द सोडून ‘लुळे’ हा शब्द घेतला.

अळी आणि उरलेले कोळी एका बरणीत ठेवून वर जाळीचे कापड बांधले. अळीने कोळी खाल्ले आणि स्वतःभोवती पातळ कोश विणला. तोवर दिवाळीची सुट्टी लागली आणि बरणी तिच्या घरी गेली. आजीला लिहिता येत नाही, म्हणून आजीने रोज चुलीतल्या कोळशाने भिंतीवर एक रेघ ओढली आणि नातीने त्या रेघांखाली त्या त्या दिवशी काय दिसले ते लिहिले. कोशातून कुंभारीण बाहेर आली, तेव्हा दोघीही बरणीजवळ होत्या. शाळा उघडल्यावर तिने वर्गात सांगितले, ‘आजीनं अळी आत जाताना बघितली होती आन् माशी भाईर येताना बघितली होती. मधलं कुणी बघितलंच नव्हतं.’ एका लोकसमजुतीचा इतका न्याय्य उलगडा मी दुसरीकडे कोठे वाचलेला नाही. आजीला खोटे न पाडता तिने समजूत दुरुस्त केली. आजीने कोळी नव्हे, हिरव्या अळ्याच पाहिल्या होत्या, हाही तिढा पुढे सुटला. गाडग्यासारखे गोल घरटे बांधणारी दुसरी जात अळ्याच आणते, आणि तसे रिकामे गाडगे मुलांना शाळेच्या कुंपणाच्या फांदीवर सापडले.

तिची चित्रे सलग लावून पाहिली की ही सारी वाटचाल डोळ्यांना दिसते. पहिल्या चित्रात घरटे म्हणजे मातीचा एक गोळा आहे, दुसऱ्यात त्याला खोल्या पडल्या आहेत, तिसऱ्यात भिंत कापून आतली अळी आणि कोळी दाखवले आहेत. इटलीतील रेज्जो एमिलिया या शहरात दुसऱ्या महायुद्धानंतर पालकांच्या पुढाकाराने आणि शिक्षणतज्ज्ञ लोरिस मालागुझ्झी यांच्या मार्गदर्शनाखाली ज्या बालशाळा उभ्या राहिल्या, तेथे अशा नोंदी मुलांसमोर भिंतीवर मांडल्या जातात आणि मुलांना परत वाचून दाखवल्या जातात. आपल्याकडेही ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला मुलांच्या परिसरातूनच शिक्षण उभे केले. मी दर शनिवारी वहीचे डावे पान वर्गात मोठ्याने वाचते. आपले वाक्य बाईंनी जपून ठेवले आहे हे कळले की मूल ते वाक्य पुढे नेते. निम्मे नवे प्रश्न या वाचनातूनच निघाले आहेत.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समग्र प्रगतिपत्रकात शिक्षकाच्या मूल्यमापनासोबत मुलाचे स्वतःचे आणि सोबत्यांचे मूल्यमापनही असावे, असे म्हटले आहे. म्हणून मी तिच्या सोबत्यांना विचारले की या कामात तिने काय केले. चौथीतला तो मुलगा म्हणाला, ‘तिनं सारखं कशावरनं, कशावरनं इचारलं, म्हणून आमाला परत परत बघाय लागलं.’ परिसर अभ्यासाच्या नोंदीत मी हे वाक्य तसेच लिहिले आणि खाली काडेपेटीच्या प्रयोगाची तारीख घातली.

वेळ कोठून आणायचा, हे सहकारी नेहमी विचारतात आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. सर्व मुलांची अशी नोंद रोज ठेवणे एका शिक्षकाला शक्य नाही. मी एका वेळी एकाच गटाचा एकच प्रश्न धरते, संभाषण फोनवर ध्वनिमुद्रित करते आणि त्यातील मोजका भाग शाळा सुटल्यावर लिहून काढते. प्रश्न संपला की दुसऱ्या गटाकडे वळते. सध्या वर्गातील प्रश्न आहे तो लुळा कोळी न खाता किती दिवस तग धरतो हा. त्यासाठी कुंभारणीचे नांदते घर फोडायचे की आपोआप पडलेल्या घरट्याची वाट पाहायची, यावर मुलांचे एकमत होत नाही, आणि तो वाद मी संपूर्ण लिहून घेत आहे.