मागलं दार

लातूरला जाणारी आमची जुनी गाडी गावात मागच्या दाराने शिरायची. हरंगुळ सोडलं की थोड्या वेळाने दोन्ही हातांना घरांच्या पाठी दिसायला लागत. परसातल्या दोरीवरचे कपडे, भिंतीला उभी टेकवलेली बाज, हौदाकाठी भांडी घासत बसलेली एखादी बाई. ती मान वर करूनही बघायची नाही. रोजचीच गाडी, त्यात काय बघायचं? नटूनथटून बसलेलं गाव स्टेशनाबाहेर भेटायचं, पण त्याआधी हे घरच्या कपड्यांतलं.

अडीच फुटांची नॅरोगेज. बार्शी लाइट रेल्वेने १८९७ मध्ये ती कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू केली आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत आणली. येडशीच्या घाटात तिला अशी धाप लागायची, की आपणच काहीतरी जड खाऊन बसलोय असं वाटावं. चालत्या गाडीतून उतरून, शेतातला हरभरा उपटून, पुन्हा त्याच डब्यात बसता यायचं, हा विनोद खास आमच्या गावचा आहे असं मी बरीच वर्षं समजत होतो. पुढे कळलं, नॅरोगेजवरचं प्रत्येक गाव तो आपापला म्हणून सांगतं.

मग आई-वडील पुण्याला आले, घर विकलं आणि गावाला जायचं कारणच उरलं नाही. लग्नकार्य असलं तर रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जायचं आणि रात्रीच्याच ट्रॅव्हल्सने परत. अंधारात गाव कुठलंही असू शकतं. यंदा मे महिन्यात आत्याचा फोन आला, ‘येऊलालास की नुसतं म्हणूलालास?’

हे ‘लालास’ आमच्याकडचं. येत आहेस, म्हणत आहेस, असं म्हणायला तिकडे कुणाला सवड नाही. पुण्यात पहिल्याच वर्षी मेसच्या टेबलावर मी ‘जेवूलालो’ म्हणालो आणि टेबलभर हसले. त्यानंतर सहा महिन्यांत मी ते जिभेवरून खरवडून काढलं. आत्याला म्हणालो, ‘येतोय.’ ती म्हणाली, ‘बरं, पाहुणे, या.’

ब्रॉडगेज २००७-०८ मध्ये झाली, पण मी त्या गाडीने लातूरला उतरलो तो यंदा पहिल्यांदा. नवीन स्टेशन गावाबाहेर आहे. मोठं, ऐसपैस. गाडी थांबली तरी गाव आल्याची काही खूणच पटेना. ना कुणाचं परस, ना कुणाची बाज. रिक्षावाल्याला ‘जुन्या स्टेशनाकडे’ म्हणालो, तर तो माझ्याकडे न बघता ‘बसा’ म्हणाला. म्हणजे स्टेशन गेलं तरी पत्ता शिल्लक होता. हायसं वाटलं.

पण मी गोलाईतच उतरलो. गंजगोलाईबद्दल मी पुण्यात फार फुशारक्या मारलेल्या आहेत. १९१७ मध्ये फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने आखलेली गोल बाजारपेठ, मध्ये देवीचं देऊळ आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. कुठे सराफ, कुठे कापड, कुठे भुसार. लहानपणी माझा दावा असा, की डोळे बांधून उभं केलं तरी मी नुसत्या वासावर रस्ता सांगेन. मिरचीचा वास आला की इकडे, गुळाचा आला की तिकडे. यंदा डोळे उघडे ठेवून भांड्यांच्या गल्लीत जायला निघालो आणि पोहोचलो मोबाइलच्या कव्हरांत. परत आलो, दुसरा रस्ता धरला, तिथेही कव्हरं. सोळाच्या सोळा रस्त्यांच्या तोंडावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स, आणि त्यातले चेहरेही मला एकसारखेच दिसायला लागले. उरलेले चौदा रस्ते तपासायचा विचार उन्हाने सोडायला लावला.

चहाच्या गाड्यावर एक पोरगा पाठीवर दप्तर अडकवून उभा होता. नीटची तयारी करायला परभणीहून आलेला, दोन वर्षं इथेच. अशी पोरं आता गावात किती असतील त्याला गणती नाही. लातूर पॅटर्न म्हणतात तो हाच. आमच्या वेळी ज्या वाड्यांत म्हशी बांधलेल्या असत, तिथे आता मुलींचं होस्टेल, मुलांची मेस, मागच्या वर्षीच्या गुणवंतांचे फोटो. मी त्याला भांड्यांच्या गल्लीचं विचारलं. त्याने अचूक सांगितलं. वर म्हणाला, ‘काका, तुम्ही बाहेरचे का?’

हो म्हणालो. नाहीतर काय सांगायचं होतं त्याला?

आत्याचं घर जुन्या लाइनीला पाठ करून उभं होतं. होतं म्हणजे घर आहे, पण पाठ फिरलीय. रूळ उखडल्यावर तिथे रस्ता झाला, आणि रस्ता म्हटल्यावर त्या बाजूची सगळी घरं एकेक करून उलटी वळली. परसाच्या भिंती पडल्या, शटरं लागली. हौद होता तिथे आत्याच्या मुलाने झेरॉक्सचं दुकान टाकलंय. सवयीने मी जुन्या गल्लीत शिरून दार वाजवलं. बऱ्याच वेळाने आत्याचा आतून आवाज, ‘तिकडनं नको रे, ते आता मागलं दार हाय!’ वळसा घालून दुकानातून आत गेलो. बाहेरच्या खोलीत पंखा लावून दिला, नवीन कपबशा निघाल्या. पाण्याचा ग्लास तांब्यासोबत न येता ट्रेमधून आला, काठोकाठ भरलेला.

त्या भरलेल्या ग्लासाचं मला जरा नवल वाटलं. २०१६ च्या उन्हाळ्यात, पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती तेव्हा, आत्या पाहुण्याला अर्धाच ग्लास द्यायची आणि लागलं तर पुन्हा विचारायची. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. पुण्यात टीव्हीवर ते बघून मी तिला फोन केला. बार्शी लाइटचा दुसरा फाटा पंढरपूरवरून १९२७ मध्ये मिरजेला पोचला होता. आत्याच्या तरुणपणी मिरजेला जायचं म्हणजे त्याच लहान गाडीने. फोनवर म्हणाली, ‘मिरजेची गाडी आली रे, पण माणसं न्हाईत तिच्यात.’ हसली की काय, ते कळलं नाही.

रात्री बाहेरच्या खोलीत, नव्या चादरीवर झोपलो. पहाटे साडेचारला खांदा हलला.

‘ऊठ, नळ आलाय. आठ दिसांनी आलाय. काय करूलालास पडून?’

ट्रे नाही, पाहुणे नाही. हातात पाइपाचं टोक दिलं आणि मागलं दार उघडून मला जुन्या गल्लीत ढकललं. दिव्यांच्या पिवळ्या उजेडात ओळीने घागरी, निळे ड्रम, रंगाचे रिकामे डबे. मोटारींची घरघर. कुणी नाइटीवर टॉवेल घेतलेलं, कुणी बनियनवर. समोरच्या ओट्यावर एक बाई हंडा घासत होती. तिने मान वर केली नाही.

‘पाइप जरा वर धरा,’ ती म्हणाली, ‘पाणी वाया जाऊलालंय.’

‘धरूलालो,’ मी म्हणालो.